कोणालाच बहुमत नाही: जिल्हा परिषदेत आघाडी बांधताना नव्या सदस्याने काय करावं

हा लेख जिल्हा परिषदेवर पहिल्यांदाच निवडून आलेल्यांसाठी आहे. घरात याआधी कोणी मेंबर नव्हतं, पक्षाच्या जिल्हा कार्यालयात नावाने ओळखणारे दोन-तीनच जण, आणि अंगावरचा गुलाल धुण्याआधीच फोन सुरू झाले, अशा माणसासाठी. फोनवरचा आवाज गोड असतो. "भाऊ, तुमी फक्त हात वर करा, बाकीचं आमी पाहून घेऊ." बुलडाण्यापासून गडचिरोलीपर्यंत हेच वाक्य थोड्याफार फरकाने ऐकू येतं. ते ऐकून लगेच हो म्हणणारे पुढची पाच वर्षं आपल्या सर्कलातल्या, म्हणजे मतदारसंघातल्या, एका पुलासाठी चकरा मारत राहतात.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. पदं ठरण्याआधी कामं कागदावर आली पाहिजेत, आणि तो कागद वाचल्याशिवाय तुमचा हात वर जाता कामा नये. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच एका गोष्टीसाठी आहेत.

पहिली पायरी: आधी स्वतःचं सदस्यत्व सांभाळा

निकालानंतरच्या गडबडीत हे कोणी सांगत नाही. निवडून आल्याचं प्रमाणपत्र ताब्यात घ्या, त्याच्या दोन-चार झेरॉक्स काढून घरी ठेवा. निवडणूक खर्चाचा हिशेब निकालापासून ३० दिवसांत द्यावा लागतो. तो दिला नाही तर अपात्रतेची कारवाई होऊ शकते, आणि तुमच्या एका मतावर कोणाची सत्ता टांगलेली असेल तर विरोधी बाजू अशा चुकीच्या शोधातच असते.

राखीव जागेवरून आला असाल तर जात वैधता प्रमाणपत्र ही सगळ्यात नाजूक बाब. ते कायद्यात दिलेल्या मुदतीत सादर झालं नाही तर निवड रद्द होते. विदर्भात हलबा, माना, गोवारी यांसारख्या समाजांच्या दाव्यांवरून वर्षानुवर्षं कोर्टकचेरी चालली आहे, त्यामुळे इथे हा विषय फक्त कागदोपत्री राहत नाही. आघाडीचा आकडा मांडताना जुने लोक प्रत्येक राखीव जागेपुढे एक खूण करून ठेवतात: वैधता आहे, अर्ज समितीकडे आहे, की वाद आहे. तुम्हीही तसंच करा. वाद असलेल्या सदस्याच्या मतावर उभं राहिलेलं बहुमत सहा महिन्यांत डगमगू शकतं.

दुसरी पायरी: आकडा स्वतः मांडा

जिल्हा परिषदेत निवडून आलेले सदस्य ५० ते ७५ असतात. पंचायत समित्यांचे सभापतीही पदसिद्ध सदस्य म्हणून जिल्हा परिषदेच्या सभागृहात बसतात, पण अध्यक्ष आणि उपाध्यक्ष निवडायचा हक्क थेट निवडून आलेल्यांनाच आहे. नव्या लोकांचा पहिला गोंधळ इथेच होतो. कोणी आठ सभापतींची यादी दाखवून "आपले इतके झाले" म्हणत असेल, तर ते आठ या मोजणीतून बाजूला काढा.

पूर्व विदर्भात २०२२ साली जे घडलं ते समोर ठेवून पाहू, कारण एवढं स्पष्ट उदाहरण दुसरं नाही. गोंदियात ५३ जागा, बहुमताला २७. भाजपचे २६ आले, काँग्रेसचे १३, राष्ट्रवादीचे ८, चाबी या स्थानिक गटाचे ४ आणि अपक्ष २. एकाच मताची गरज होती. शेजारच्या भंडाऱ्यात ५२ जागा, बहुमताला तिथेही २७. काँग्रेस २१, राष्ट्रवादी १३, भाजप १२, उरलेल्या सहा जागा इतरांकडे. त्या वेळी मुंबईत काँग्रेस आणि राष्ट्रवादी एकाच सरकारात होते. कागदावर पाहिलं तर भंडाऱ्यात दोघांचे मिळून ३४ होत होते, म्हणजे काही प्रश्नच नव्हता.

१० मे २०२२ ला दोन्ही ठिकाणी निवड झाली. गोंदियात भाजपने राष्ट्रवादीला सोबत घेतलं. अध्यक्षपद भाजपकडे आणि उपाध्यक्षपद राष्ट्रवादीकडे गेलं. भंडाऱ्यात काँग्रेसने भाजपमधल्या नाराज गटाला सोबत घेऊन अध्यक्षपद मिळवलं आणि उपाध्यक्षपद त्या गटाकडे गेलं. दोन शेजारचे जिल्हे, दिवसही एकच, आणि मित्र-शत्रू बरोबर उलटे.

यातून तुम्ही घ्यायचं ते असं: मुंबईतली जोडी जिल्ह्यात लागू पडेलच असं धरून चालू नका. इथे आमदारांची आपसातली स्पर्धा, पुढच्या विधानसभेची तयारी, सहकारी बँक आणि बाजार समितीतली जुनी देणी-घेणी यांचं वजन जास्त पडतं. अकोल्यात वंचित बहुजन आघाडीचं स्वतंत्र बळ आहे, यवतमाळ-वाशीमकडे वेगळी गणितं, गडचिरोलीत आणखी वेगळी. म्हणून एका कागदावर सगळ्या सदस्यांची नावं, त्यांचा पक्ष, त्यांच्यामागचा नेता आणि त्या नेत्याला काय हवं आहे, असे चार रकाने पाडा. चौथा रकाना भरता आला की बाकीचं चित्र आपोआप दिसू लागतं.

तिसरी पायरी: आरक्षण पाहा

अध्यक्षपद अडीच वर्षांचं असतं आणि त्याचं आरक्षण फिरतं. सोडत मंत्रालयातून निघते. आरक्षण अनुसूचित जमातीच्या महिलेसाठी निघालं आणि तुमच्या पक्षात त्या प्रवर्गातली एकही महिला सदस्य नसेल, तर तुमच्याकडे २५ जण असूनही अध्यक्ष दुसऱ्याच पक्षाचा होऊ शकतो. अशा वेळी तीन-चार सदस्यांच्या छोट्या गटातली एखादी ताई अचानक सगळ्या जिल्ह्यासाठी महत्त्वाची होते. त्या ताई तुम्हीच असाल तर हा मजकूर दोनदा वाचा. तुमच्याकडे सगळेच येतील, आणि तुमच्याऐवजी तुमच्या यजमानांशी किंवा दिराशी बोलतील.

महाराष्ट्रात २०११ पासून पंचायत राज संस्थांत निम्म्या जागा महिलांना आहेत. सभागृहात बसायचा, मत द्यायचा, सही करायचा अधिकार सदस्याचा आहे, तिच्या नवऱ्याचा नाही. बोलणीच्या बैठकीला स्वतः जा. घरच्यांपैकी कोणाला सोबत न्यायचं तर न्या, पण खुर्चीवर तुम्ही बसा आणि प्रश्न तुम्ही विचारा. ज्या आघाडीत पहिल्या बैठकीलाच ताईंना आतल्या खोलीत चहाला पाठवलं जातं, तिथे पुढे बजेटच्या वेळी काय होणार हे सांगायला नको.

भंडारा-गोंदियात निकाल जानेवारीत लागले आणि निवडी मे महिन्यात झाल्या. आरक्षणावरून उशीर झाला तर मधला काळ लांबतो आणि जुळवाजुळवीला रोज नवं वळण लागतं. म्हणून सोडत निघेपर्यंत कोणालाही पक्का शब्द देऊ नका.

चौथी पायरी: गट आणि व्हिप समजून घ्या

पक्षाच्या चिन्हावर निवडून आला असाल तर निकालानंतर पक्ष आपल्या सदस्यांचा गट करतो, गटनेता निवडतो आणि त्याची नोंद जिल्हाधिकारी कार्यालयात होते. त्यानंतर तुमच्यावर महाराष्ट्र स्थानिक प्राधिकरण सदस्य अनर्हता अधिनियम, १९८६ लागू असतो. पक्षाने व्हिप, म्हणजे मत कोणाला द्यायचं याचा आदेश, काढला आणि तुम्ही त्याविरुद्ध मत दिलं, किंवा मतदानालाच आला नाहीत, आणि पक्षाने ते माफ केलं नाही, तर जिल्हाधिकाऱ्यांकडे तुमच्या अपात्रतेचं प्रकरण जाऊ शकतं. तिथून ते उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत चालतं. वकिलाचा खर्च स्वतःच्या खिशातून होतो. "बाकीचं आमी पाहून घेऊ" म्हणणारे तेव्हा फोन उचलतीलच असं नाही.

व्हिप बजावला जातो तेव्हा तो कोणी काढला, लेखी आहे का, तुम्हाला कधी आणि कसा मिळाला हे लिहून ठेवा. दारावर चिकटवला असेल तर तारखेसह फोटो काढा. पक्षात फूट पडलेली असेल तर दोन-दोन व्हिप येतात, आणि खरा गटनेता कोण यावरच वाद होतो. अशा वेळी कोणाच्या गाडीत बसण्याआधी वकिलाकडे जा.

अपक्षांची गोष्ट वेगळी. अपक्षाला व्हिप नसतो, त्यामुळे तो मोकळा असतो असं सगळे म्हणतात, आणि ते बऱ्याच अंशी खरं आहे. पण अपक्ष म्हणून निवडून येऊन नंतर पक्षात प्रवेश केला तर तोच अनर्हता कायदा आडवा येतो. एखाद्या उमेदवाराला मत देणं ही एक गोष्ट, आणि प्रवेशाच्या कार्यक्रमात गळ्यात दुपट्टा घालून फोटो काढणं ही पूर्ण वेगळी गोष्ट. अपक्षाने मत द्यावं, करारावर सही करावी, दुपट्टा घालू नये. आघाडीच्या नोंदणीच्या कागदावर सही मागितली तर तो कागद आधी वकिलाला दाखवावा.

पाचवी पायरी: बोलणीला कोण बसणार

दहा-बारा जण बसले की बोलणी होत नाहीत, भाषणं होतात. प्रत्येक बाजूने दोघे किंवा तिघे, त्यात एक तरी असा ज्याला जिल्हा परिषदेचं बजेट वाचता येतं. नव्या सदस्यांनी एक करावं: आपल्यासारखे पहिल्यांदाच आलेले चार-पाच जण, पक्ष कोणताही असो, आपल्या बाजूचे असतील ते, एकत्र बसावेत आणि आपल्यातला एक माणूस बोलणीत घ्या असा आग्रह धरावा. एकेकट्याचं ऐकलं जात नाही. पाच मतं एकत्र बोलली की ऐकलं जातं.

बोलणीला जाण्याआधी जिल्हा परिषदेच्या वित्त विभागातून मागच्या वर्षाची अर्थसंकल्प पुस्तिका मिळवा आणि बांधकाम, लघुसिंचन, पाणीपुरवठा या विभागांकडे किती दायित्व आहे ते विचारा. मागच्या वर्षी मंजूर झालेल्या पण बिलं न निघालेल्या कामांचा बोजा म्हणजे दायित्व. तो आधी फेडावा लागतो. एखाद्या लेखाशीर्षात, म्हणजे बजेटातल्या खर्चाच्या खात्यात, दिसणारी मोठी रक्कम बघून नवा सदस्य खूश होतो आणि नंतर कळतं की त्यातला मोठा हिस्सा आधीच्या मेंबरांच्या रस्त्यांत गेला आहे. रस्त्यांसाठी ३०५४ आणि ५०५४ ही लेखाशीर्षं रोज कानावर पडतील, ती पाठ करा. जिल्हा परिषदेचा स्वतःचा सेस फंड किती, हेही विचारा. त्यातले २० टक्के मागासवर्गीयांच्या कल्याणासाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी ठेवावे लागतात, म्हणजे तेवढं वाटाघाटीबाहेरच आहे.

सहावी पायरी: करार

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. पदांची वाटणी ही आघाडीची सोपी बाजू आहे, कारण पदं मोजकी असतात: अध्यक्ष, उपाध्यक्ष आणि विषय समित्यांचे चार सभापती. समाजकल्याण आणि महिला व बालकल्याण यांचे सभापती ठरलेले. उरलेल्या दोन सभापतींकडे आणि उपाध्यक्षांकडे शिक्षण, आरोग्य, बांधकाम, अर्थ, कृषी, पशुसंवर्धन या समित्या वाटल्या जातात. स्थायी समिती आणि जलव्यवस्थापन समिती अध्यक्षांकडेच असते. सहा खुर्च्या, त्यावर रात्र-रात्र चर्चा होते. कामांवर मात्र कोणी अर्धा तासही बोलत नाही.

तुम्ही बोला. आपल्या सर्कलातल्या तीन गोष्टी नावानिशी लिहून न्या. "पाण्याचा प्रश्न सोडवावा" असं लिहिलेला कागद कोणत्याही कामाचा नसतो. अमुक गावाची नळयोजना बंद आहे, पंप जळाला आहे, वीजबिल थकलं आहे, अमुक शाळेच्या दोन खोल्या पाडायच्या आहेत, अमुक मामा तलावाचं गेट फुटलं आहे, असं लिहा. मामा तलाव म्हणजे माजी मालगुजारी तलाव. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत धानाचं पीक त्यांच्यावर उभं आहे, आणि १०० हेक्टरपर्यंत सिंचनक्षमता असलेले तलाव जिल्हा परिषदेकडे येतात. पश्चिमेकडे अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात विहिरीचं पाणी पिता येत नाही, तिथे प्रादेशिक पाणीपुरवठा योजना कोण चालवणार आणि देखभालीचा पैसा कुठून येणार हे करारात सगळ्यात वर असायला हवं.

आणि जे जिल्हा परिषदेच्या हातात नाही ते करारात लिहू नका. कापसाचा भाव, धानाचा बोनस, कर्जमाफी हे निर्णय राज्य आणि केंद्राचे. शिक्षकांच्या बदल्या आता ऑनलाइन होतात. "तुमच्या गावातला मास्तर बदलून देतो" असं कोणी म्हणत असेल तर ते त्याच्या हातात नाही. राज्य मार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाचे. इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग तुमचे. प्राथमिक शाळा, अंगणवाडी, प्राथमिक आरोग्य केंद्र, गुरांचा दवाखाना तुमचा. लोकांना खोटी आशा दाखवणाऱ्या करारापेक्षा चार छोट्या, पण होणाऱ्या कामांचा करार लाख पटीने चांगला.

निधीवाटपाचं सूत्र करारात यायलाच हवं. नेहमीचा वाद असा असतो: सत्तेतल्या सदस्यांना जास्त, विरोधकांना कमी, आणि पदाधिकाऱ्यांच्या सर्कलात सगळ्यात जास्त. माझं ठाम मत आहे की प्रत्येक सर्कलाला किमान एक समान रक्कम मिळावी आणि त्यावरचा निधी गरजेनुसार जावा. मत देणारे लोक सगळ्या सर्कलांत सारखेच आहेत. हे मान्य होत नसेल तरी किमान पदाधिकाऱ्यांच्या सर्कलासाठी वरची मर्यादा लिहून घ्या.

आता सव्वा वर्षाचा विषय. अडीच वर्षांचं अध्यक्षपद दोन पक्षांत सव्वा-सव्वा वर्ष वाटून घ्यायचं, असं अनेकदा ठरतं. याला कायद्याचा कोणताही आधार नाही. पहिल्याने राजीनामा दिला नाही तर त्याला हटवायला अविश्वास ठराव लागतो, आणि त्यासाठी निवडून आलेल्यांपैकी दोन तृतीयांश मतं लागतात. पदावर महिला असेल तर तीन चतुर्थांश. म्हणजे ५३ च्या सभागृहात २७ जणांनी निवडलेल्या अध्यक्षाला हटवायला ३६ लागतील, महिला अध्यक्ष असेल तर ४०. बसवायला जेवढे लागले त्याहून कितीतरी जास्त. तारीख न घातलेला राजीनामा लिहून घेऊन नेत्याकडे ठेवायची पद्धत आहे, पण ज्याने तो लिहिला तोच "हा माझ्यावर दबाव टाकून घेतला" म्हणू शकतो. माझा सल्ला: शक्यतो सव्वा वर्षाच्या वाटणीत पडू नका. अध्यक्ष एकाला, दोन मोठ्या समित्या दुसऱ्याला, आणि दुसऱ्या अडीच वर्षांच्या वेळी उलट, हे जास्त टिकतं.

तोंडी शब्दाचं काय होतं हे अख्ख्या राज्याने २०१९ मध्ये पाहिलं. २८८ जागांत भाजप १०५, शिवसेना ५६, राष्ट्रवादी ५४, काँग्रेस ४४. युतीचे मिळून १६१ होत होते, बहुमताला १४५ पुरे. तरी मुख्यमंत्रिपद अडीच-अडीच वर्षं ठरलं होतं की नव्हतं, यावर दोघांचं म्हणणं वेगळं निघालं आणि युती तुटली. राष्ट्रपती राजवट लागली, २३ नोव्हेंबरच्या पहाटे एक सरकार शपथ घेऊन गेलं, सर्वोच्च न्यायालयाने तातडीने सभागृहात बहुमत सिद्ध करायला सांगितल्यावर ते पडलं, आणि २८ नोव्हेंबरला तीन पक्षांचं सरकार आलं. त्या तिघांनी शपथविधीच्या दिवशी किमान समान कार्यक्रम लेखी मांडला. शेतकऱ्यांची कर्जमाफी त्यात होती, आणि महिन्याच्या आत नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात दोन लाखांपर्यंतच्या कर्जमाफीची घोषणा झाली. त्या सरकारबद्दल कोणाचं काहीही मत असो, जे लिहिलं होतं ते आधी झालं, हे लक्षात घ्यावं.

करारावर दोन्ही बाजूंच्या गटनेत्यांच्या सह्या, जिल्हाध्यक्षांच्या सह्या आणि अपक्षांच्या स्वतंत्र सह्या घ्या. वाद झाला तर कोण बसून सोडवणार, त्या तीन-चार जणांची नावं लिहा. आणि एक मागणी बहुतेक नवे सदस्य विसरतात: जिल्हा नियोजन समिती. पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालची ही समिती, आपल्याकडे डीपीसी म्हणतात ती, जिल्ह्याच्या वार्षिक योजनेचा पैसा ठरवते. तिच्यावर जिल्हा परिषदेतून निवडून जाणारे सदस्य असतात. सभापतिपद मिळालं नाही तर डीपीसीवर आपलं नाव मागा. लाल दिव्याची हौस गेली तरी पैसा कुठे ठरतो हे पाहायला मिळेल, आणि तिथे बोलताही येईल.

सातवी पायरी: सहल

निवडीच्या आधी सदस्यांना सहलीला न्यायचं, ही आता रीतच झाली आहे. ताडोबा, पेंच, चिखलदरा, नाहीतर थेट गोवा किंवा हैदराबाद. जायचं की नाही हा तुमचा निर्णय आहे, कोणी जबरदस्ती करू शकत नाही. गेलातच तर घरच्यांना हॉटेलचं नाव सांगा, फोन स्वतःजवळ ठेवा, नियमित औषधं सोबत घ्या, आणि महिला सदस्यांनी आपल्या ओळखीच्या दुसऱ्या महिला सदस्याबरोबरच खोली घ्यावी. फोन काढून घेतला जात असेल तर तिथून निघा आणि पोलिसांना कळवा. धान कापणीवर आलं असेल, कापूस वेचणीला मजूर मिळत नसतील, तर तसं स्पष्ट सांगून घरी राहिलेलंही चालतं. करार पक्का असेल तर माणसं कोंडून ठेवायची वेळ येत नाही.

पैसे देऊ केले तर घेऊ नका. निवडून आल्यावर तुम्ही लोकसेवक आहात आणि मतासाठी पैसे घेणं हा भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा टोल फ्री क्रमांक १०६४. त्याहून मोठी गोष्ट अशी की पैसे घेतलेल्या सदस्याला पुढे कोणत्याही सभेत तोंड उघडता येत नाही. देणारा पाच वर्षं ते विसरत नाही.

आठवी पायरी: निवडीचा दिवस

सभा जिल्हाधिकारी बोलावतात. उमेदवारी अर्ज, छाननी, माघार आणि मतदान बहुधा एकाच दिवसात उरकतं. मतदान हात वर करून होतं, त्यामुळे कोणी कोणाला मत दिलं हे सगळ्यांसमोर असतं. सूचक आणि अनुमोदक कोण हे आदल्या रात्रीच ठरवा, अर्जावरचं नाव मतदार यादीतल्या नावाशी अक्षर न अक्षर जुळतं का ते पाहा, आणि एक जादा अर्ज भरून ठेवा. वेळेआधी सभागृहात बसा. नागपूर-भंडारा रस्त्यावर अडकलो होतो, हे कारण इतिवृत्तात जात नाही. गैरहजेरी तेवढी जाते.

५२ सारख्या समसंख्येच्या सभागृहात २६-२६ झाले तर ईश्वरचिठ्ठी निघते, म्हणजे चिठ्ठी टाकून अध्यक्ष ठरतो. सगळी मेहनत एका चिठ्ठीवर सोडायची नसेल तर बरोबर बहुमतावर थांबू नका, वर दोन-तीन मतं ठेवा. आजारी पडणं, अपघात, घरात मयत, हे काही ठरवून होत नाही.

पंचायत समिती आणि ग्रामपंचायतीपुरतं

पंचायत समितीचे सभापती आणि उपसभापतीही सदस्यांतूनच अडीच वर्षांसाठी निवडले जातात, तिथेही अनर्हता कायदा लागू आहे आणि समान मतं पडली तर चिठ्ठी आहे. फरक आकाराचा. आठ सदस्यांच्या समितीत एका माणसाचं मन फिरलं की सगळं फिरतं, म्हणून तिथला करार आणखी साधा आणि आणखी स्पष्ट हवा. जिल्हा परिषदेच्या वाटाघाटीत तालुक्याची सभापतिपदं सुटे पैसे म्हणून वापरली जातात. आपल्या तालुक्याचा सौदा कोणी परस्पर केला का, हे विचारा.

ग्रामपंचायतीत सरपंच आता थेट लोकांतून निवडला जातो, त्यामुळे तिथे खेळ उपसरपंचपदाचा असतो. सरपंच एका पॅनलचा आणि बहुमत दुसऱ्याचं, असं अनेक गावांत होतं. थेट निवडलेल्या सरपंचावर पहिली दोन वर्षं अविश्वास आणता येत नाही, आणि नंतरही तीन चतुर्थांश सदस्यांनी ठराव केल्यावर तो ग्रामसभेत गुप्त मतदानाने मंजूर व्हावा लागतो. तेव्हा भांडणात दोन वर्षं घालवण्याऐवजी सरपंच आणि सदस्यांनी पहिल्याच महिन्यात कामांची यादी एकत्र बसून करावी, हेच गावाच्या फायद्याचं.

नववी पायरी: निवडीनंतरचे पहिले महिने

सत्कार चालू असतात तेव्हाच विषय समित्यांच्या निवडीची सभा येते. करारात लिहिलेल्या समित्या त्याच दिवशी मिळाल्या पाहिजेत. "पुढच्या वेळी पाहू" हे ऐकलंत तर तिथेच, सभेआधी, वाद सोडवणाऱ्या त्या तीन-चार जणांना बसवा. सभापतींची निवड झाली की अडीच वर्षं काही हलत नाही.

सर्वसाधारण सभा तीन महिन्यांतून किमान एकदा व्हावी लागते. तिथे प्रश्न लेखी द्या, वेळेत द्या, आणि मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांच्या उत्तराची प्रत मागा. पदाधिकारी निर्णय घेतात, पण काम अधिकारी करतात. कोणत्या टेबलावर फाईल आहे हे माहीत असलेला सदस्य सभापती नसतानाही काम करून घेतो. नवीन आहात म्हणून विचारायला संकोच करू नका. खातेप्रमुखांना भेटा, उपअभियंत्याला सोबत घेऊन तो तलाव, ती शाळा दाखवा, अंदाजपत्रक तयार करायला लावा. अंदाजपत्रकाशिवाय कोणतंही काम यादीत जात नाही.

जिल्हा परिषदेचा अर्थसंकल्प २७ मार्चपर्यंत मंजूर व्हावा लागतो. फेब्रुवारीतच करार काढून बसा आणि त्यातलं प्रत्येक काम विभागाच्या मागणीत गेलं का ते तपासा. पुस्तिका छापून हातात आली की गावाचं नाव, कामाचं नाव आणि रक्कम शोधा. एखादं काम दिसलं नाही तर अर्थसंकल्पीय सभेतच उभे राहा, करारातली ओळ वाचून दाखवा, आणि तुमचं म्हणणं इतिवृत्तात नोंदवायला सांगा. पुढच्या सभेत इतिवृत्त कायम करताना ती नोंद तशीच आली आहे का, हे पाहूनच संमती द्या.